शॉट पीनिंग नीट कसे करावे: आल्मेन पट्टीपासून गिअरच्या दातापर्यंत

शॉट पीनिंग, म्हणजे बारीक गोल छर्ऱ्यांचा जोरदार मारा, झालेले दोन गिअर शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींचा रंग तोच मळकट राखाडी, दोन्हींवर बोट फिरवले तर तोच बारीक खरबरीतपणा. एकाचे काम व्यवस्थित झाले आहे. दुसऱ्याच्या वेळी नोझल झिजलेला होता, छर्ऱ्यांना पुरेसा वेग मिळाला नाही. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, हार्डनेस टेस्टरलाही सहसा सापडत नाही. तो सापडतो गिअरबॉक्स गाडीत बसून रस्त्यावर धावू लागल्यावर, दात मुळाशी तुटतो तेव्हा.

म्हणून या प्रक्रियेत तयार जॉब, म्हणजे मशीनवरून निघालेला नग, बघून 'ओके' म्हणण्याला फारसा अर्थ नाही. मशीन लावताना, छर्रे निवडताना आणि आल्मेन पट्टी (मारा खाऊन किती वाकते यावरून माऱ्याची तीव्रता सांगणारी पोलादी पट्टी) मोजताना जे काटेकोरपणे केले असेल, तेवढीच खात्री देता येते. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक भागांत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांच्या रोजच्या कामातली ही प्रक्रिया आहे. गिअर, पाटे (गाडीखालच्या लीफ स्प्रिंग), कॉइल स्प्रिंग आणि कनेक्टिंग रॉडवर ती होते. पुढचे विवेचन मुख्यतः केस हार्डन केलेला, म्हणजे फक्त वरचा थर कठीण केलेला, गिअर समोर ठेवून केले आहे, स्प्रिंगचे जे वेगळे आहे ते त्या त्या जागी सांगितले आहे.

छर्रा आदळतो तेव्हा

गोल पोलादी छर्रा जोरात आदळला की पृष्ठभागावर छोटा खळगा पडतो. खळगा पडताना वरचा थर आडवा पसरू पाहतो. खालचे पोलाद मात्र ताणले गेले तरी स्प्रिंगसारखे मूळ जागी परत येऊ पाहते आणि वरच्या पसरलेल्या थराला आत ओढून धरते. असे लाखो खळगे एकमेकांवर पडले की सगळा वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. याला अवशिष्ट दाब ताण म्हणतात. हा थर पातळ असतो. पोलादाचा कठीणपणा आणि माऱ्याची तीव्रता यांनुसार त्याची खोली साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटर भरते. त्यातला सर्वांत जास्त दाब अगदी वर नसतो, पृष्ठभागाच्या किंचित खाली असतो, आणि तो पोलादाच्या अंतिम ताण-सामर्थ्याच्या निम्म्यापर्यंत किंवा थोडा त्याहून वर जातो.

आता हा दाब कामाला कसा येतो ते पाहा. वाकणाऱ्या किंवा पिळल्या जाणाऱ्या भागात सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच असतो. फटीगची, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने पडणारी, चीर बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते आणि ती उघडायला ओढीचा ताण लागतो. समजा दाताच्या मुळाशी भारामुळे ६०० मेगापास्कल ओढ येते आहे आणि पीनिंगने तिथे ७०० मेगापास्कल दाब आधीच साठवून ठेवला आहे. बेरीज उणे १०० होते. भार पूर्ण असतानाही तो थर दाबाखालीच राहतो आणि चिरेला तोंड उघडायला जागा मिळत नाही. ६००० आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनाची व्हॉल्व्ह स्प्रिंग सेकंदाला ५० वेळा, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार वेळा दबते आणि सुटते. तिथे हा पाव मिलिमीटरचा थर किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

जे पीनिंगने होत नाही तेही स्पष्ट असावे. एका फटक्यात तुटेल इतका भार आला तर पीनिंग वाचवत नाही. पोलादाच्या पोटात खोलवर असलेल्या मळीच्या कणापासून सुरू झालेली चीर ते थांबवत नाही. प्रत्येक आवर्तनात धातू कायमचा वाकत असेल इतका भार असेल, तर साठवलेला दाब लवकरच ढिला पडतो. 'पीनिंगने पृष्ठभाग कडक होतो' हे वाक्य शॉपमध्ये सतत ऐकू येते, पण ते मुख्य कारण नाही. मऊ पोलादात थोडा कठीणपणा वाढतो खरा. ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापावरचा कठीणपणा) गिअरमध्ये मात्र फायदा जवळजवळ सगळा दाब ताणाचाच असतो. कार्ब्युराइझ केलेल्या, म्हणजे कार्बन मुरवलेल्या, थरात उरलेल्या ऑस्टेनाइटचा (पोलादाचे मऊ रूप) काही भाग माऱ्याने मार्टेन्साइटमध्ये (कठीण रूप) बदलतो, त्याचे आकारमान वाढते आणि दाबात आणखी भर पडते.

ब्लास्टिंगच्या मशीनवर पीनिंग

शॉट ब्लास्टिंगचा हेतू गंज, स्केल, वाळू काढण्याचा. जॉब चकचकीत झाला की काम संपले. पीनिंगचा हेतू ताण साठवण्याचा, त्यामुळे इथे छर्ऱ्याचा आकार, वेग, वेळ आणि कोन हे चारही बांधून घ्यावे लागतात. ब्लास्टिंगमध्ये चालणारे तुटके, टोकदार दाणे इथे घातक ठरतात. प्रत्येक टोकदार दाणा एक खाच पाडतो आणि खाच म्हणजे चिरेचे आयते बीज. हीट ट्रीटमेंटनंतरच्या सफाईचे ब्लास्टिंग मशीन 'तेच तर आहे' म्हणून पीनिंगला लावू नका.

पायरी १: जॉब पीनिंगच्या लायक आहे का

क्रम असा: मशीनिंग, हीट ट्रीटमेंट, टेम्परिंग, लागेल ते ग्राइंडिंग, चीर तपासणी, मग पीनिंग. चीर तपासणी आधीच करायची, कारण मारा झाल्यावर चिरेची तोंडे दबून बंद होतात आणि मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय कणांच्या) तपासणीत दिसत नाहीत. ग्राइंडिंगमध्ये जळालेला भागही नायटल एचिंगने (सौम्य आम्लाने डाग उठवून) आधीच पकडा. मारा झाल्यावर तो डाग राखाडीखाली झाकला जातो.

गिअरमध्ये एक अडचण नेहमीची आहे. पीनिंगनंतर दाताच्या बाजू ग्राइंड करायच्या असतात. बाजूंवरचा दाबाचा थर जाईल, ते चालते. मुळाचा थर गेला तर सगळे वाया. म्हणून दात कापताना प्रोट्यूबरन्स हॉब (टोकाला फुगवटा असलेले दात कापायचे हत्यार) वापरून मुळाशी थोडी सवलत ठेवतात, म्हणजे ग्राइंडिंग व्हील मुळाला टेकत नाही. ही सवलत ड्रॉइंगमध्ये नसेल तर पीनिंगचा दर ठरवण्याआधी डिझाइनवाल्यांशी बोला.

धारदार कडा आणि बर (मशीनिंगनंतर कडेला उरलेली धातूची कूस) काढून टाका, नाहीतर कडा मारा खाऊन पापुद्र्यासारखी बाहेर लोळते. तेल पूर्ण धुवून घ्या. तेलकट जॉब एकदा मशीनमध्ये गेला की सगळे छर्रे तेलकट होतात, ते होजमध्ये चिकटतात आणि प्रवाह अडखळतो. थ्रेड, बेअरिंग बसण्याची जागा, सील फिरण्याची जागा हे रबरी बूच किंवा जाड टेपने झाका. डीकार्ब झालेला, म्हणजे कार्बन निघून गेलेला, मऊ थर पोलादावर असेल तर फायदा कमी होतो, कारण मऊ थर जास्त दाब साठवूच शकत नाही. पाट्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

पायरी २: छर्रे निवडणे

नियम सोपा आहे: छर्ऱ्याचा व्यास सर्वांत लहान फिलेट (आतल्या कोपऱ्याची गोलाई) त्रिज्येच्या निम्म्याहून मोठा नको. मोठा छर्रा कोपऱ्याच्या तळाला टेकतच नाही, दोन्ही बाजूंवर आपटून परततो, आणि जिथे चीर सुरू होणार नेमकी तीच जागा कोरी राहते. अरुंद खाच किंवा भोक असेल तर छर्रा त्याच्या रुंदीच्या चौथ्या भागाहून मोठा नको.

एसएई या अमेरिकी मानकाच्या नावातला आकडा इंचाच्या दहाहजाराव्या भागात असतो. एस १७० म्हणजे ०.०१७० इंच, सुमारे ०.४३ मि.मी. एस २३० म्हणजे ०.५८, एस ३३० म्हणजे ०.८४, एस ४६० म्हणजे १.१७ मि.मी. समजा ड्रॉइंगवर मुळाची त्रिज्या १.५ मि.मी. आहे. निम्मे ०.७५. एस २३० बसतो, एस ३३० बसत नाही. त्रिज्या १ मि.मी. असेल तर मर्यादा ०.५० होते आणि एस १७० वर यावे लागते.

लहान छर्रा घेतला की वजन झपाट्याने घटते, कारण ते व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. एस ३३० चा एक दाणा साधारण २.४ मिलिग्रॅमचा, एस २३० चा ०.८ चा. वेग तोच ठेवला तर तीव्रता उतरते. बदल्यात दाण्यांची संख्या वाढते: एस २३० च्या एका किलोत साडेबारा लाखांच्या आसपास दाणे असतात, त्यामुळे पृष्ठभाग लवकर भरतो. चालेल त्यांतला सर्वांत मोठा छर्रा घ्यायचा की सर्वांत लहान, हा प्रश्न इथूनच येतो. लागणारी तीव्रता ज्याने मिळते त्यांतला लहानात लहान घ्या. वेळ वाचतो आणि पृष्ठभागही कमी खडबडीत होतो.

छर्रा जॉबइतका किंवा त्याहून कठीण हवा. हीच चूक सर्वांत जास्त होते. कास्ट स्टीलचा नेहमीचा छर्रा ४५ ते ५२ एचआरसीचा मिळतो, कठीण छर्रा ५५ ते ६२ चा. गिअर ५८ ते ६२ एचआरसीचा असताना नेहमीचा छर्रा वापरला तर गिअरऐवजी छर्राच चेपतो. इथे पुढचा सापळा लक्षात घ्या. आल्मेन पट्टी ४५ एचआरसीच्या आसपासची असते. तिच्यावर मऊ छर्रासुद्धा चांगली कमान देतो. पट्टीचा आकडा ड्रॉइंगमध्ये बसतो, सगळे खूश, आणि गिअरमध्ये दाब मात्र अपेक्षेपेक्षा बराच कमी. छर्ऱ्याचा कठीणपणा खरेदीच्या ऑर्डरवर लिहा आणि येणारा माल तपासा.

कट वायर म्हणजे तार कापून केलेले दाणे. तुटायच्या आधी ते झिजत जातात, बराच काळ आकार टिकवतात, म्हणून स्प्रिंगच्या कामात पसंत केले जातात. पण ते कंडिशन केलेले, म्हणजे कडा मोडून गोल केलेलेच घ्यावेत. नुकत्याच कापलेल्या दाण्याला धार असते. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमला काच किंवा सिरॅमिकचे मणी वापरतात, कारण लोखंडाचे कण रुतले की तिथे गंज धरतो.

पायरी ३: मशीन लावणे

मशीन दोन जातींची. व्हील मशीनमध्ये फिरती पाती छर्रे भिरकावतात, जथ्याने येणाऱ्या कामाला ती स्वस्त पडते, पाटे आणि कॉइल स्प्रिंग बहुधा यावरच होतात. एअर मशीनमध्ये दाबाची हवा नोझलमधून छर्रे सोडते, मारा हवा तिथे नेता येतो, म्हणून गिअरच्या मुळांसाठी ते बरे.

नोझल जॉबपासून साधारण १५० ते २०० मि.मी.वर ठेवून सुरुवात करा. मारा शक्यतो काटकोनात पडावा. ४५ अंशांत पडला तर पृष्ठभागात घुसणारा वेग सुमारे ७० टक्क्यांवर येतो, त्याहून तिरपा झाला तर छर्रा ठोकण्याऐवजी घासत जातो. हेलिकल गिअरमध्ये नोझल दातांच्या तिरकसपणाप्रमाणे कलवावा लागतो, नाहीतर मुळाची एक बाजू मारा खाते आणि दुसरी दाताच्या सावलीत राहते.

जॉब फिरत असेल तर फेऱ्यांची संख्या आणि नोझलची वर-खाली चाल यांचा ठराविक ताल जुळून तेच पट्टे पुन्हा पुन्हा मार खात नाहीत ना, हे रंग लावलेल्या जॉबवर एकदा बघा. टर्नटेबलचा बेल्ट सरकतो आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि अख्खी बॅच एकाच बाजूने पीन होते. फिरण्यावर सेन्सर बसवणे हा खर्च भरून येणारा खर्च आहे.

पायरी ४: आल्मेन पट्टी

जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतील जॉन आल्मेन यांनी ही पद्धत काढली, तिचे पेटंट १९४४चे. कल्पना साधी आहे. पातळ स्प्रिंग स्टीलच्या पट्टीवर एकाच बाजूने मारा करा. त्या बाजूचा थर पसरतो आणि पट्टी माऱ्याच्या दिशेने फुगते. कमानीची उंची हे तीव्रतेचे माप.

पट्टी एसएई १०७० पोलादाची, ७६ मि.मी. लांब, १९ मि.मी. रुंद. जाडी तीन प्रकारची: एन ०.७९, ए १.२९, सी २.३९ मि.मी. बहुतेक काम ए पट्टीवर होते, तिच्या मापाची कक्षा साधारण ०.१० ते ०.६० मि.मी. त्याखाली एन, त्यावर सी. तीन पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. त्याच माऱ्याला एन पट्टी ए च्या सुमारे तिप्पट वाकते, आणि सी चा आकडा साडेतीनने गुणला की ए च्या जवळ जातो. म्हणून '०.३५' असे नुसते लिहू नका, '०.३५ मि.मी. ए' असे लिहा.

पट्टी कुठे ठेवायची हे अर्धे काम आहे. टेबलावर मोकळी ठेवलेली पट्टी काही सांगत नाही. एक बाद झालेला गिअर घ्या, त्यात खाच मशीन करून आल्मेन ब्लॉक (पट्टी धरून ठेवणारा ठोकळा) असा बसवा की पट्टीचा पृष्ठभाग दाताच्या मुळाच्या उंचीवर आणि त्याच कोनात येईल. मोठ्या जॉबला अशा दोन-तीन जागा लागतात.

पट्टी बसवताना आणि मोजताना एवढे पाळा. ब्लॉक सपाट आणि कठीण असावा, मध्यभागी घासून खड्डा पडलेला असेल तर फेकून द्या. चारही स्क्रूंची डोकी माऱ्याने झिजतात, झिजलेली बदला आणि चारही सारखे घट्ट करा. एक स्क्रू सैल असेल तर पट्टी मारा खाताना उचलते आणि आकडा खोटा येतो. मारण्याआधी पट्टी गेजवर ठेवा, आधीच वाकलेली असेल तर बाजूला काढा. गेजचा शून्य सपाट ब्लॉकवर रोज जुळवा. पट्टी चार गोळ्यांवर टेकते, त्यांच्यावर धूळ बसली की आकडा बिघडतो, म्हणून फडक्याने पुसा. डायलची दांडी पट्टीच्या न मारलेल्या बाजूला लागली पाहिजे. वापरलेली पट्टी पुन्हा वापरायची नाही, उलटी करूनही नाही.

पायरी ५: सॅच्युरेशन कर्व्ह

एका पट्टीचा आकडा म्हणजे तीव्रता नव्हे. हे वाक्य मशीनवर चिकटवून ठेवण्यासारखे आहे. कमी वेगाचा मारा जास्त वेळ आणि जास्त वेगाचा मारा कमी वेळ, दोन्ही एका पट्टीवर सारखा आकडा देऊ शकतात, पण जॉबमध्ये दाबाची खोली वेगळी पडते. म्हणून मशीनची सेटिंग कायम ठेवून वेगवेगळ्या वेळांना वेगवेगळ्या पट्ट्या मारतात. शून्य सोडून किमान चार.

उदाहरण म्हणून असे आकडे आले समजा: १० सेकंदांना ०.२४, २० ला ०.३२, ४० ला ०.३८, ८० ला ०.४१ मि.मी. ए. आता वेळ दुप्पट केल्यावर आकडा किती वाढतो ते बघा. १० वरून २० ला गेलो तर ३३ टक्के वाढ, २० वरून ४० ला सुमारे १९ टक्के, ४० वरून ८० ला सुमारे ८ टक्के. वेळ दुप्पट केल्यावर वाढ १० टक्के किंवा त्याहून कमी होते तो कर्व्हवरचा पहिला बिंदू म्हणजे सॅच्युरेशन, आणि तिथली कमान म्हणजे तीव्रता. ४० सेकंदांना अट पूर्ण झाली आहे. पण गुळगुळीत कर्व्ह काढला तर नेमका बिंदू ३५ सेकंदांच्या आसपास येतो आणि तीव्रता सुमारे ०.३७ मि.मी. ए. ड्रॉइंगवर ०.३५ ते ०.४५ मागितले असेल तर बसली, पण तळाला चिकटून. हवेचा दाब थोडा वाढवून मध्यावर आणा आणि कर्व्ह पुन्हा काढा.

शेवटच्या दोन बिंदूंतही वाढ १० टक्क्यांच्या वरच असेल तर कर्व्ह अजून सपाट झालेला नाही, आणखी जास्त वेळाची पट्टी मारा. 'शेवटचा आकडा लिहून टाकू' असे करू नका.

पायरी ६: कव्हरेज

सॅच्युरेशन हा पट्टीचा गुण, कव्हरेज हा जॉबचा. ३५ सेकंदांना पट्टी सॅच्युरेट झाली म्हणून जॉबही ३५ सेकंद मारायचा, हा या कामातला सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. ६० एचआरसीच्या गिअरवर त्याच छर्ऱ्याचा खळगा पट्टीवरच्या खळग्यापेक्षा लहान पडतो. सगळी जागा भरायला म्हणूनच जास्त वेळ लागतो. मऊ जॉब असेल तर उलटे.

कव्हरेज म्हणजे पृष्ठभागाचा किती टक्के भाग खळग्यांनी भरला ते. १० ते ३० पट भिंगातून बघतात. ९८ टक्के दिसले की पूर्ण मानतात, कारण त्यापुढे डोळ्याला फरक ठरवता येत नाही. छर्रे योगायोगाने पडत असल्याने शेवटचे काही टक्के भरायला सुरुवातीच्या मानाने फार वेळ जातो. एका पासमध्ये ५० टक्के भरले तर दुसऱ्या पासमध्ये उरलेल्या ५० पैकी निम्मे, म्हणजे एकूण ७५. मग ८७.५, ९३.७५, ९६.९, आणि सहाव्या पासला ९८.४. पहिल्या पासचे कव्हरेज नीट मोजले की किती पास लागतील याचा अंदाज कागदावरच बांधता येतो.

२०० टक्के कव्हरेज म्हणजे ९८ टक्के गाठायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ. वरच्या उदाहरणात सहा पासला पूर्ण झाले तर २०० टक्क्यांना बारा पास.

भिंगाखाली पूर्ण भरलेला भाग कसा दिसतो ते नवीन माणसाला एकदा दाखवा. खळग्याच्या कडा एकमेकांत मिसळलेल्या असतात, मधे कुठेही ग्राइंडिंगच्या सरळ रेघा उरलेल्या नसतात. खळग्यांच्या मधोमध एखादी चकचकीत बेटासारखी जागा किंवा जुनी रेघ दिसली तर काम अपुरे. दाताच्या मुळात भिंग पोचत नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, पहिल्या जॉबला फ्लुरोसंट रंग लावून मारणे आणि अतिनील दिव्याखाली बघणे: रंग उरला तिथे मारा पोचला नाही. दुसरा, एक गिअर कापून मूळ उघडे करणे. पहिल्या सेटिंगला मूळ उघडून बघणे हा मला तरी सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. त्यात एक गिअर जातो, पण बॅच वाचते.

जास्त मारा म्हणजे जास्त चांगले, असे नाही. मर्यादेपलीकडे पृष्ठभागावर घड्या पडतात, एक पापुद्रा दुसऱ्यावर दुमडतो आणि त्याखाली सूक्ष्म चिरा तयार होतात. पातळ जॉब वाकतो. वरच्या दाबाचा तोल आतली ओढ सांभाळत असते, त्यामुळे पातळ भागात तीव्रता फार ठेवली तर ती आतली ओढ धोकादायक होते.

स्प्रिंगचे वेगळेपण

पाटा गाडीखाली बसला की भाराने सपाट होतो आणि त्याच्या वरच्या, म्हणजे आतल्या वळणाच्या बाजूला ओढ येते. मारा त्याच बाजूला हवा. पाटा भाराच्या दिशेने वाकवून, त्या अवस्थेत मारला तर मोकळा मारलेल्यापेक्षा जास्त दाब साठतो. याला स्ट्रेस पीनिंग म्हणतात, जड वाहनांच्या पाट्यांना ते करतात. कॉइल स्प्रिंगमध्ये वेढ्यांच्या आतल्या बाजूला ताण जास्त आणि मारा पोचायलाही तीच जागा अवघड. वेढ्यांतले अंतर कमी असेल तर स्प्रिंग किंचित ताणून मारतात. व्हॉल्व्ह स्प्रिंगला कधी दोन टप्प्यांत मारा करतात: आधी मोठ्या छर्ऱ्याने खोली, मग बारीक छर्ऱ्याने पृष्ठभागाजवळचा दाब. पीनिंगनंतर स्प्रिंगला साधारण २०० ते २३० अंश सेल्सियसला थोडा वेळ तापवतात, त्याने पुढे सेट होण्याचे (भाराने कायमचे आखूड होण्याचे) प्रमाण घटते आणि दाबही फारसा जात नाही.

पायरी ७: मारा झाल्यावर

जॉबमधले छर्रे झटकून, हवेने उडवून काढा. ऑइल होलमध्ये अडकलेला एक छर्रा बेअरिंग खाऊन टाकतो, म्हणून भोके मोजून तपासा. मारलेला उघडा पृष्ठभाग लगेच गंज धरतो, कोकणातल्या दमट हवेत तर शिफ्ट संपायच्या आत. हातमोजे घालून हाताळा आणि गंजरोधक तेल लावा.

पायरी १ मध्ये सांगितलेल्या दाताच्या बाजू सोडल्या, तर यापुढे तो पृष्ठभाग ग्राइंड करू नका. हलके लॅपिंग किंवा पॉलिशिंग चालते, पण दाबाच्या थराच्या जाडीच्या दहाव्या भागाहून जास्त धातू निघता कामा नये. प्रेसवर ठोकून सरळ करू नका, तसे केले की साठवलेला ताण विस्कटतो. पोलादासाठी तापमानाची रूढ मर्यादा साधारण २४५ अंश सेल्सियस, पण कार्ब्युराइझ केलेला जॉब त्याच्या स्वतःच्या टेम्परिंग तापमानाच्या खालीच ठेवा. प्लेटिंग असेल तर ते पीनिंगनंतर: क्रोमच्या थरातल्या सूक्ष्म चिरा मूळ पोलादात उतरण्याआधी दाबाच्या थराला अडखळतात.

बिघाड आणि कारणे

तीव्रता खाली गेली की आधी नोझल काढा आणि प्लग गेज (भोक मोजायची दांडी) घाला. भोक वाढले असेल तर कारण सापडले. मग हवेचा दाब रेग्युलेटरवर न बघता नोझलजवळ बघा, मधल्या होजमध्ये भोक किंवा मुरगळ असू शकते. छर्ऱ्याचा प्रवाह जास्त सोडला तरी तीव्रता पडते, कारण तीच हवा जास्त दाण्यांना ढकलते. 'जास्त छर्रे, जास्त मारा' हा हिशोब एअर मशीनमध्ये चुकतो. पावसाळ्यात ड्रायर नीट चालत नसेल तर ओलाव्याने छर्रे गोळा होतात आणि आकडे वर-खाली नाचतात.

तीव्रता अचानक वर गेली तर बहुधा हॉपरमध्ये एकदम नवा माल ओतला आहे. नवे दाणे थोडे थोडे, रोज भरले की मिश्रण स्थिर राहते. व्हील मशीनमध्ये कंट्रोल केज (पात्यांवर छर्रे सोडणारा खिडकीचा भाग) जरा फिरला तरी माऱ्याचा मुख्य झोत सरकतो: तीव्रता तीच, पण जॉबवर जागा चुकते. एक रंगवलेला पत्रा जॉबच्या जागी लावून दोन-तीन सेकंद मारा, झोत कुठे पडतो ते दिसेल.

छर्ऱ्यांचा नमुना प्रत्येक शिफ्टला हॉपरमधून नव्हे, नोझलजवळून घ्या. शंभरेक दाणे चिकटपट्टीवर पसरून भिंगाखाली मोजा: किती गोल, किती तुटके, किती चपटे. तुटक्यांची मर्यादा ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये असते, शंभरात दहाच्या वर गेले तर थांबून चाळणी आणि स्पायरल सेपरेटर बघा. चाळणी आकार वेगळा करते, स्पायरल गोल आणि बेढब वेगळे करतो. दोन्ही लागतात. मोठा दाणा तुटून झालेला तुकडा चाळणीतून बरोबर आकाराचा म्हणून पुढे जातो.

खरा दाब किती साठला हे क्ष-किरण विवर्तनाने मोजता येते. इलेक्ट्रोपॉलिशने थर थर काढत गेले तर खोलीनुसार आलेखही मिळतो. पण त्यात जॉब जातो, म्हणून ते नवे सेटिंग ठरवताना आणि ठराविक काळाने करतात, रोजच्या बॅचला नाही. रोजच्या बॅचला पट्टी, भिंग आणि छर्ऱ्यांचा नमुना.

बॅच कार्डावर छर्ऱ्याचा प्रकार आणि लॉट, हवेचा दाब किंवा व्हीलचा वेग, प्रवाह किलो प्रति मिनिट, वेळ, पट्टीचा आकडा, कव्हरेज बघणाऱ्याची सही, एवढे असावे. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक-एक पट्टी सॅच्युरेशनच्या वेळेला मारून तिचा आकडा मूळ कर्व्हशी ताडतात. शेवटची पट्टी चुकली तर मधल्या सगळ्या जॉबवर लाल खूण करून ते बाजूला ठेवावे लागतात. नोझल बदलला, छर्ऱ्याचा आकार किंवा पुरवठादार बदलला, होजची लांबी बदलली, फिक्स्चर दुरुस्त झाले, किंवा व्हीलची पाती बदलली, की जुना कर्व्ह बाद. नव्या चार पट्ट्या काढा.